घरातलं घरात

परवा पुतणीची लेक पुण्याहून आली होती. इतिहास घेऊन बी.ए. करते आहे. आल्या आल्या म्हणाली, "आजोबा, तुमच्या गावाचं उत्खनन आम्हाला अभ्यासाला आहे. ती जागा दाखवा ना." ऊन उतरल्यावर तिला घेऊन घोडनदीच्या काठाला गेलो. तिथं आता पाहण्यासारखं फारसं काही नाही. पांढरीचं टेकाड, खापराचे तुकडे, पलीकडं नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर म्हणायचं) शिवार. मौल्यवान ते सगळं पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहे. पोरगी जराशी हिरमुसली.

मग तिला मी माहिती सांगू लागलो. मास्तरकीची सवय जात नाही! १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी इथं खणलं. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळात इथं तांबं आणि दगडाची हत्यारं वापरणारे शेतकरी राहत होते. त्यांची घरं, चुली, धान्याच्या कणग्या, पाण्याचा पाट, सगळं सापडलं. आणि सापडली घराच्या जमिनीखालची दफनं. त्यातली बहुतेक लहान मुलांची. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यात ते मूल. मोठ्या माणसाला पुरताना त्याचे पाय घोट्यापासून तोडत. मेलेल्यानं भूत होऊन भटकू नये, घरातच राहावं, म्हणून तसं करत असावेत, असं संशोधक म्हणतात.

"म्हणजे मेलेल्यांना घरातच ठेवायचे?" तिनं विचारलं.

"हो. घरातलं घरात," मी म्हणून गेलो, आणि माझा मीच दचकलो. कारण लहानपणी हे दोन शब्द मी ज्या कारणासाठी ऐकले ते कारण निराळं होतं. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी धाकट्या बहिणीला फोन केला. म्हटलं, "आपल्या घराबद्दल लिहावं म्हणतोय. तुझी हरकत नाही ना?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लिही भाऊ. पण खोटं गोड करू नकोस." म्हणून हा लेख. आमच्या नात्यातली मंडळी हे पान वाचतात हे मला ठाऊक आहे. कुणाला हे उघड्यावर आणलेलं आवडलं नाही, तर राग माझ्यावर काढावा, बहिणीवर नको.

आधी इनामगावचीच आणखी एक गोष्ट सांगतो. इथं सापडलेल्या सांगाड्यांचा अभ्यास डेक्कन कॉलेजचे डॉ. वाळिंबे आणि अमेरिकेतले दंततज्ज्ञ जॉन लुकाच यांनी केला. दाताचं वरचं कवच तयार होत असताना मुलाची उपासमार झाली किंवा त्याला मोठं दुखणं आलं, तर कवचात उणीव राहते, खाचा पडतात, रेघा उमटतात. हाड मोडलं तर जुळून येतं, पण दाताचं कवच पुन्हा भरून येत नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या या गावातल्या पोरांच्या दुधाच्या दातांवर अशा खुणा आहेत. त्या मुलांचं नाव नाही, त्यांच्या आईबापांचं नाव नाही, पण त्यांना लहानपणी सोसावं लागलं, एवढं मात्र नोंदलं गेलं. घरात कुणी कुणाला मारत होतं का, कुणाचं डोकं फिरलं होतं का, हे दात सांगत नाहीत. ते पाहायला आपल्याला लिहिलेल्या इतिहासाकडे यावं लागतं. आणि तिथं गंमत अशी, की राजे, लढाया, तह सगळं सापडतं, पण दारू पिणाऱ्या बापाची किंवा भ्रमिष्ट आईची मुलं कशी वाढली, हे फारसं कुठं लिहिलेलं नाही. सापडतं ते असंच, खापराच्या तुकड्यासारखं.

असा एक मोठा तुकडा मराठीत आहे, तो म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या गोखले. पुस्तकाची सुरुवातच त्यांच्या वडिलांच्या सोवळ्यापासून होते. १८५७ च्या उठावात लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर जावयाला, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांना, सोवळ्याचं वेड लागलं. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवायची. धान्य तर धुवायचंच, पण मीठ-साखरसुद्धा! त्यांच्या मनासारखं शुद्ध होईपर्यंत कुणाच्या पोटात काही जायचं नाही. बायकोनं आणि लेकरांनी दिवसचे दिवस त्या धुण्यापुसण्याभोवती काढायचे. लक्ष्मीबाईंचं बरंचसं बालपण गोविंदराव खांबेटे या आप्तांच्या घरी गेलं. हे सगळं त्यांनी इतक्या मिस्कीलपणे लिहिलं आहे, की वाचणारा हसू लागतो.

आज एखाद्या मानसोपचारतज्ज्ञानं हे वाचलं, तर तो या आजाराचं नाव सांगेल. मला मात्र दुसरंच काही दिसतं. त्या काळच्या समाजात सोवळं ही मानाची गोष्ट होती. जातीपातीची शिवाशिव हाच धर्म समजला जात होता. त्यामुळे एका माणसाचं मन धक्क्यानं दुखावलं, तेव्हा त्या दुखण्यानं अंगावर सोवळं नेसलं, आणि बाहेरच्यांना ते दुखणं वाटलंच नाही, फार तर जास्तीची धार्मिकता वाटली. त्याला दुखणं म्हणून ओळखलं ते फक्त बायकोनं आणि मुलांनी. पण त्यांना विचारणार कोण?

लक्ष्मीबाईंचं १८८० साली लग्न झालं, तेव्हा त्यांना बारावं लागलं होतं. नवरा नारायण वामन टिळक, पुढे रेव्हरंड टिळक म्हणून प्रसिद्ध झालेले कवी. त्यांच्याही घराची कथा तशीच. वडील कमालीचे तापट, आईचा छळ, आणि आई गेल्यावर कोवळ्या वयातच घर सोडून नाशिकला येणं. म्हणजे अशा दोन घरांतून आलेली दोन मुलं एकत्र आली, आणि त्यांचा संसारही वादळी झाला. टिळकांचा राग, त्यांचं एकाएकी घरातून निघून जाणं, हे लक्ष्मीबाईंनी झाकलेलं नाही. पण त्यांनी ते चव्हाट्यावर आणून सूडही घेतलेला नाही. आहे ते आहे तसं सांगितलं. १९३० च्या दशकात एका बाईनं एवढं लिहिलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. आपल्याकडे यासाठी शब्दच दुसरे होते. मारणारा बाप 'कडक', पिणाऱ्याला 'नाद', भ्रमिष्ट बाईला 'बाहेरचं', आणि सोसणारी 'खानदानी'. असे शब्द हाताशी असले की कुणाला काही करावं लागत नाही.

आता आमच्या घराबद्दल.

दादा (म्हणजे वडील) वाईट माणूस नव्हते. हे वाक्य मी मुद्दाम आधी लिहितो, कारण अशा घरातली सगळीच मुलं हे वाक्य आधी लिहितील. काकड्याला त्यांचा आवाज सगळ्या आळीला ऐकू जायचा. बाजारातून येताना ते आमच्यासाठी शेव-रेवडी आणायचे, पण शुद्धीवर असले तरच. ते दिवस दारूबंदीचे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा तो कायदा तसाच आपल्याकडे आला. कागदावर सगळं राज्य कोरडं, आणि नदीकाठच्या बाभळीत गूळ-नवसागराची पिंपं पुरलेली! पोलीस येणार अशी कुणकुण लागली की पिंपं जागा बदलत. पुढे धोरण सैल झालं, १९७३ साली देशी दारूचे नियम आले, परवान्याची दुकानं निघाली. दादांना त्यानं काही फरक पडला नाही. आधी ते लपून पीत, नंतर उघड पिऊ लागले.

आईचं निराळं होतं. काही महिने ती चारचौघींसारखी असायची. मग एखाद्या दिवशी चुलीपुढं बसली की उठायचीच नाही. रात्री कुणाशी तरी बोलायची. कधी अंधारात विहिरीकडं चालू लागायची. गाव म्हणायचं, बाहेरचं आहे. देवऋषी झाले, अंगारे झाले, लिंबं उतरून झाली. आणि मारलं की ती ताळ्यावर येते, असं दादांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यामुळे दारू प्यायल्यावरचा मार वेगळा आणि औषध म्हणून दिलेला मार वेगळा. आईला तो एकच लागत होता.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. वहाणांच्या आवाजावरून मला कळायचं, आज कसे आलेत. कुऱ्हाड आणि कोयता मी दिवस मावळायच्या आत कडब्याच्या गंजीत लपवून ठेवायचो. भाकरी थापायला शिकलो होतो, पण हे शाळेत कळू नये याची फार काळजी असायची. धाकटीला आणि त्याहून लहान भावाला घेऊन रात्री बाहेर पडायची वेळ आली, तर कुठून कसं जायचं हे ठरलेलं होतं. शेजारी आमची एक चुलत आजी होती, एकटीच विधवा. ती रात्री दाराला कडी लावत नसे, नुसतं लोटून ठेवी. आम्ही आत शिरलो की काही न विचारता गोधडी अंगावर टाकायची. एकदा मात्र मी रडत होतो, तेव्हा म्हणाली, "पोरा, ह्यात तुजा कायबी दोष न्हाई. तू न्हाई केलंस हे." पुढं कितीतरी पुस्तकं वाचली, पण माझ्या उपयोगी पडलेलं एवढं मोठं वाक्य मला कुठं सापडलं नाही. बाकीचे सगळे, जवळचे-लांबचे, एकच सांगत. घरातलं घरात ठेवावं. बाहेर बोलू नये. बहिणीचं लग्न व्हायचंय.

उत्खनन सुरू झालं तेव्हा मी सतरा-अठराचा होतो. आई बरी असली की तिथं मातीच्या पाट्या टाकायला जायची. एक दिवस लहान मुलाचा रांजण उघडला. मीही बघायला गेलो होतो. माती झाडणाऱ्या माणसाला आई एकदम म्हणाली, "हळू हं." त्या संध्याकाळी तिनं मला पहिल्यांदा सांगितलं, की माझ्या आधी एक मुलगी झाली होती, चार महिन्यांची होऊन गेली, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात आवाज सुरू झाले. अठरा वर्षं मी त्या घरात राहिलो, आणि माझ्या थोरल्या बहिणीचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं.

असो. दादा १९७९ साली गेले, पोटात पाणी होऊन. त्याआधी काही वर्षं एका भल्या डॉक्टरांनी आईला पुण्याला पाठवलं होतं, तिथं गोळ्या सुरू झाल्या. ती पूर्ण बरी झाली असं नाही, पण विहिरीकडं जायची थांबली, नातवंडं मांडीवर घेऊ लागली. मनाच्या आजारांवरची ही औषधं १९५० च्या दशकातच जगात आली होती. आमच्या घरापर्यंत यायला त्यांना वीस वर्षं लागली. ती वीस वर्षं म्हणजे आमचं सगळं लहानपण.

गोष्ट इथंच संपली असती, तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो. यात माझाही एक अपराध आहे.

१९८६ च्या सुमारास मी एका शाळेत सातवीला मराठी शिकवत होतो. 'स्मृतिचित्रे' माझं आवडतं पुस्तक, त्यामुळे सोवळ्याची ती हकीकत मी दरवर्षी वर्गात साभिनय सांगायचो. साखर धुण्यापाशी आलो की मुलं खळखळून हसायची. त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती, ती हसली नाही. ती वर्गात पेंगायची, वह्या अपुऱ्या असायच्या. "लक्ष कुठं आहे?" म्हणून मी तिला उभं केलं, आणि दुसऱ्या दिवशी गृहपाठ नव्हता म्हणून हातावर छडी मारली. तेव्हा सगळेच मारत, हे काही समर्थन नाही. दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. नंतर कळलं, की तिच्या आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं, बाप पिऊन पडायचा, आणि आईनं उठून कुठं जाऊ नये म्हणून ही पोर रात्ररात्र दारात बसायची.

कुऱ्हाड लपवणारा पोरगा मोठा होऊन मास्तर झाला होता, आणि त्याला समोरची पोर ओळखू आली नव्हती! मी पुष्कळदा विचार केला, की असं कसं झालं. मला वाटतं, 'घरातलं घरात' हे मी इतकं पक्कं शिकलो होतो, की दुसऱ्याच्या घराकडं बघायचंच नाही हे त्यातच आलं. जे मूल गप्प बसायला शिकतं, ते न बघायलाही शिकतं.

बाहेरचं जग मात्र तोवर काहीतरी शिकत होतं. आपल्याकडं दारूवर नाटक म्हटलं की 'एकच प्याला' आठवतं. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले आणि त्याच वर्षी गंधर्व मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची. सुधाकर दारूच्या भरात सिंधूला मारतो, पाळण्यातलं मूल जातं, आणि फौजदार आल्यावर सिंधू नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटं सांगते. महाराष्ट्र पिढ्यान् पिढ्या त्या खोट्यावर रडला. मीही रडलो आहे. पण म्हातारपणी पुन्हा वाचताना वाटलं, आपण सिंधूसाठी रडलो, सुधाकरसाठी हळहळलो, पण ते पाळण्यातलं मूल वाचलं असतं, मोठं झालं असतं, तर त्यानं काय सांगितलं असतं? आईच्या त्या खोट्याचं त्यानं काय केलं असतं?

आमच्या शेजारच्या पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी तर सगळ्यांना ठाऊक आहे. १९७५ नंतर अण्णा हजाऱ्यांनी तिथं दारूच्या भट्ट्या बंद करवल्या. पिणाऱ्यांना खांबाला बांधून लष्करी पट्ट्यानं मारल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. भट्ट्या गेल्या हे मोठंच काम झालं, कित्येक घरं सावरली. पण आमच्या दादांना कुणी असं खांबाला बांधलं असतं, तर मला आनंद झाला असता का? थोडा झाला असता, खोटं कशाला बोलू. आणि रात्री त्यांच्या पाठीला हळद लावायला मीच बसलो असतो. अशा घरातल्या मुलाचं हे असंच असतं, त्याला बाप नको असतो आणि बापच हवा असतो.

बायकांनी चळवळ हाती घेतली, तेव्हा गोष्टी आणखी पुढं गेल्या. गडचिरोलीत लोकांच्या रेट्यानं १९९३ साली दारूबंदी झाली. गावोगाव 'आडवी बाटली, उभी बाटली' अशी मतदानं झाली, बायकांनी मतं देऊन दुकानं बंद पाडली. चंद्रपूरला २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठलीही. बंदीनं काय साधतं, काय नाही, यावर वाद आहेत, त्यात मी शिरत नाही. दुकान बंद झालं तरी घरातली मुलं उरतातच, एवढंच माझं म्हणणं.

त्या मुलांकडं, त्या बायकोकडं वेगळ्या नजरेनं पाहणारं काम पुण्यात १९८६ च्या २९ ऑगस्टला सुरू झालं, ते म्हणजे 'मुक्तांगण'. म्हणजे ज्या वर्षी मी त्या मुलीला छडी मारली, त्याच वर्षी! डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. अनिल अवचटांचे गर्दवरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात पुढं केला, आणि व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. व्यसन हा आजार आहे, पाप नव्हे, आणि तो एकट्या माणसाला होत नाही, सगळ्या घराला होतो, हे त्यांनी महाराष्ट्राला समजावलं. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी त्यांनी 'सहचरी' गट काढला. चार बायका एकत्र बसून जे घरात बोलता येत नाही ते बोलू लागल्या. अनिताबाई १९९७ साली गेल्या, अवचट २०२२ साली. काम चालू आहे.

मानसिक आजाराच्या बाबतीत मला आठवतात ते डॉ. जगन्नाथ वाणी. मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी ते झाकून ठेवलं नाही. १९९७ साली पुण्यात 'सा', म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, ही संस्था उभी राहिली ती त्यांच्या प्रयत्नांतून. आजारी माणसाच्या घरच्यांनी एकत्र यावं, एकमेकांना सांगावं, हा तिचा गाभा. या आजारावरचा 'देवराई' सिनेमा २००४ साली आला, त्यामागंही वाणींचा आधार होता. शिकलेला, परदेशी राहणारा माणूस आपल्या बायकोच्या आजाराबद्दल चारचौघांत बोलतो, हे पाहून कित्येक घरांना बोलायचं बळ आलं असणार.

परदेशात तर १९५७ सालीच पिणाऱ्यांच्या किशोरवयीन मुलांनी आपले गट काढले, 'अलाटीन' नावाचे. १९९८ साली अमेरिकेतल्या फेलिटी आणि अंडा या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढं सतरा हजारांहून अधिक प्रौढांची माहिती त्यात जमा झाली. लहानपणी घरात कुणी पीत होतं का, कुणाला मानसिक आजार होता का, आईला मारहाण होत होती का, असे साधे प्रश्न. जितक्या प्रश्नांना 'हो', तितकं मोठेपणी व्यसन, नैराश्य, हृदयविकार यांचं प्रमाण जास्त, असं दिसलं. हे वाचताना मला आमच्या गावातले ते तीन हजार वर्षांपूर्वीचे दात आठवले. रेघ उमटते ती उमटतेच.

पण एवढ्यावर थांबलो तर ते अर्धसत्य होईल. हवाई बेटांपैकी एका बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा एमी वर्नर नावाच्या बाईंनी अनेक दशकं केला. गरिबी, भांडणं, आईबापांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा घरांतली जी मुलं होती, त्यांतली साधारण एक तृतीयांश मुलं चांगली उभी राहिली. त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती. घरातलं किंवा बाहेरचं, कुणीतरी एक मोठं माणूस त्यांना धरून होतं. आजी, शेजारीण, शिक्षक, कुणीही. माझ्या चुलत आजीनं हा अभ्यास वाचला नव्हता. तिला वाचताच येत नव्हतं.

कायदाही हळूहळू घराच्या आत आला. १९८३ साली ४९८-अ कलम आलं. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, आणि त्यात आईबरोबर मुलांच्याही संरक्षणाचा विचार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर एक फार चांगली तरतूद आहे. उपचार घेणाऱ्या आईपासून तिच्या तीन वर्षांच्या आतल्या बाळाला सहसा वेगळं करू नये, असं त्यात म्हटलं आहे. इंग्रजांच्या १९१२ च्या वेड्यांच्या कायद्यापासून इथवर यायला शंभराहून अधिक वर्षं लागली. आता मुलांसाठी १०९८ हा फोन आहे, मनाच्या त्रासासाठी १४४१६ आहे. पण आठ वर्षांच्या मुलाला फोन लावायचा कुणीतरी सांगावं लागतं, आणि फोन लावला तर बाप मारील ही भीती कुणीतरी वाटून घ्यावी लागते. शाळेत मुलांना मारायला कायद्यानं २०१० पासून बंदी आहे, ते चांगलंच झालं. पण छडी न मारणं वेगळं आणि विचारणं वेगळं.

ती मुलगी मला पुन्हा भेटली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी, शिरूरच्या बाजारात. भाजी घेत होती, बरोबर कॉलेजातला मुलगा. तिनंच ओळखलं, वाकून नमस्कार केला. मला कसनुसं झालं. बाजूला घेऊन म्हटलं, "बाई, मी तुला मारलं होतं. मला माहीत नव्हतं." ती हसली. म्हणाली, "गुरुजी, तुम्ही विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी रोज वाट बघायचे कुणी विचारतंय का." पुढं म्हणाली, "ती साखर धुवायची गोष्ट मात्र मी विसरले नाही. तेव्हा पहिल्यांदा कळलं, की असं दुसऱ्याच्याही घरात असतं." तिची आई शेवटपर्यंत तिच्याकडंच होती. मुलाला शिकवते आहे. बाजारातून घरी येईपर्यंत मी कुणाशी बोललो नाही.

हे सगळं मी त्या संध्याकाळी टेकाडावर पुतणीच्या लेकीला सांगितलं नाही. फक्त आईची गोष्ट सांगितली, रांजणाची. तिनं बराच वेळ काही विचारलं नाही. उठताना म्हणाली, "आजोबा, आमच्या होस्टेलवर माझी एक मैत्रीण आहे, ती सुट्टीत घरी जायला घाबरते. आम्ही तिला चिडवतो."

"चिडवू नका," मी म्हटलं. "विचार तिला. आणि ती सांगेल ते ऐकून घे, लगेच सल्ला देऊ नकोस."

अंधार पडायला लागला होता. आम्ही घरी आलो. माझ्या थोरल्या बहिणीचं नाव काय होतं, ते आईला मी कधी विचारलं नाही. आई १९९८ साली गेली. आता सांगणारं कुणी नाही.

परवा त्या मुलीचा, म्हणजे पुतणीच्या लेकीचा, फोन आला. मैत्रिणीला विचारलंन म्हणे. दोघी रात्री दोनपर्यंत बोलत होत्या.